हायड्रोजनची संहिता आणि मराठीचा विध्यर्थ

'संहिता' हा शब्द आम्ही महाविद्यालयात एकतीस वर्षे शिकवला. नाटकाची संहिता आणि तिचा प्रयोग यांतील अंतर, हस्तलिखिते ताडून सिद्ध होणारी संहिता, वाचकागणिक निराळी भासणारी संहिता, अशा नाना अंगांनी त्या शब्दाची चर्चा केली, त्यावर प्रश्न काढले आणि उत्तरपत्रिकाही तपासल्या. वाक्याचा अर्थ संदिग्ध असणे हे त्या साऱ्या काळात आमच्या लेखी वैभवच होते. एका ओळीतून दोन अर्थ निघतात असे कोणी दाखवून दिले, की आम्ही त्याला दोन गुण अधिक देत असू. निवृत्तीनंतर मात्र तोच शब्द एका अनपेक्षित कागदावर भेटला आणि आमच्या या समजुतीची त्याने चांगलीच परीक्षा घेतली.

प्रसंग असा. आमचा एक जुना विद्यार्थी, बी. ए. ला मराठी घेतलेला, पुढे पोटापाण्यासाठी औद्योगिक सुरक्षेची पदविका करून ठाण्यापलीकडच्या एका औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला. जिथे तो आहे तिथे हायड्रोजन वायूचे सिलिंडर भरले आणि हाताळले जातात. एका रविवारी तो आमच्या शिवडीच्या घरी नऊ पानांचा इंग्रजी मजकूर घेऊन आला. "सर, हे कामगारांसाठी मराठीत हवं आहे. बाहेरून करून घेतलं, की कोश समोर ठेवून शब्दाला शब्द येतो. तुम्ही कराल का?" आम्ही सुखावलो, हे कबूल केले पाहिजे. निवृत्त शिक्षकाला कोणी काम सांगितले की तो आधी होकार देतो आणि मग चष्मा शोधतो.

मजकुराचे शीर्षक होते 'कोड ऑफ प्रॅक्टिस'. आम्ही त्याखाली मोठ्या समाधानाने लिहिले : 'कार्यपद्धती संहिता'.

हायड्रोजन हा विषय आम्हांला परका वाटायला हवा होता, पण तसा तो वाटला नाही, याचे कारण शिवडी. हायड्रोजन हे उद्याचे इंधन आहे असे हल्ली वारंवार ऐकू येते, त्यामुळे तो नुकताच कुठूनतरी आला असावा असा समज होतो. वस्तुतः तो आमच्या वस्तीचा जुना रहिवासी आहे. १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची नोंदणी झाली आणि १९३२ साली शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले. 'डालडा' हे नाव त्याला १९३७ साली मिळाले. पातळ तेलातून निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन खेळवला, की तेल घट्ट होते. या प्रक्रियेचे पेटंट जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान याने १९०२ साली घेतले होते. म्हणजे साजूक तुपाची ऐपत नसलेल्या ज्या घरांत सणासुदीला पिवळा डबा उघडला जाई, त्या घरांच्या करंज्यांत आणि शंकरपाळ्यांत हायड्रोजन केव्हाच येऊन बसला होता.

आमच्या चाळीतले एक शेजारी अशाच एका कारखान्यात कामाला होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. विडीचे मोठे शौकीन. पण पाळीवर निघताना ते न चुकता विडीबंडल आणि काडेपेटी खिडकीच्या फळीवर काढून ठेवत आणि मग दोन्ही खिसे बाहेरून चाचपून पाहत. सुट्टीच्या दिवशी देवळात निघाले तरी हात आपोआप खिशाकडे जाई. कारखान्यात काडेपेटी का चालत नाही, असे आम्ही लहानपणी विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर दोन शब्दांचे होते : "न्यायची नाही." या दोन शब्दांकडे आम्हांला पुढे परत यावे लागणार होते, तेव्हा मात्र ते नुसते ऐकले आणि विसरलो.

भाषांतराला बसण्यापूर्वी विषय समजून घ्यावा म्हणून आम्ही थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते साहित्याच्या विद्यार्थ्यालाही विचार करायला लावणारे आहे. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, चव नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी तो पेट घेऊ शकतो. नैसर्गिक वायूसाठी हीच मर्यादा साधारण ५ ते १५ टक्के अशी आहे. त्याला पेटवायला लागणारी ठिणगी ०.०२ मिलिज्यूलइतकी क्षीण असली तरी पुरते, नैसर्गिक वायूला लागते तिच्या दशांशाहूनही कमी. कृत्रिम धाग्याचा सदरा अंगातून काढताना जी चुरचुर होते तीही त्याला चालते. आणि पेटल्यावर त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या काळात हायड्रोजनची आग हुडकण्यासाठी माणसे लांब दांड्याची केरसुणी पुढे धरून चालत असत. केरसुणीचे टोक पेटले, की समोर आग आहे असे समजायचे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की हा वायू सर्वस्वी दुष्ट नाही. तो हवेपेक्षा चौदापट हलका आहे. उघड्यावर गळाला तर वर निघून जातो, पेट्रोलच्या वाफेसारखा जमिनीलगत दबा धरून बसत नाही. अडचण होते ती छपराखाली, जिथे त्याला वर जायला वाट नसते.

घरातला स्वयंपाकाचा गॅस गळला तर आपल्याला कळते, कारण मुळात वास नसलेल्या त्या वायूत एक उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. ही खरे तर एक सुरक्षा संहिताच आहे, पण ती कागदावर लिहिलेली नाही, ती नाकाला वाचता येते. हायड्रोजन इंधन म्हणून वापरायचा तर ही सोय राहत नाही. वासाची ती गंधकयुक्त द्रव्ये इंधन घटातील उत्प्रेरक बिघडवतात. काही नियम मात्र इथेही धातूत कोरलेले आहेत. ज्वालाग्राही वायूंच्या सिलिंडरच्या झडपेला उलटे आटे असतात, ऑक्सिजनच्या झडपेला सुलटे; त्यामुळे एकाची जोडणी दुसऱ्याला बसतच नाही. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही हा नियम वाचता येतो, आणि ज्याला तो मोडायचा आहे त्यालाही सहज मोडता येत नाही. आटे आणि गंध यांनी जे सांगता येत नाही तेवढे सांगण्यासाठी मग यंत्र आणि वाक्य ही दोनच साधने उरतात. डोळे, नाक आणि कान जिथे साक्ष देत नाहीत, तिथे वाक्याला इंद्रियाचे काम करावे लागते. हे वाक्य आमच्या हातून लिहिले जाणार होते.

आम्ही ते कसे लिहिले? सुंदर लिहिले. दोन आठवडे खपून नऊ पाने पूर्ण केली. भाषा शुद्ध, एकजिनसी, कोठेही इंग्रजीची सावली नाही. कामगार ज्याला 'पर्जिंग' म्हणतात, म्हणजे नळीत उरलेली हवा नायट्रोजन सोडून हुसकून लावणे, त्यासाठी आम्ही 'निर्वायुकरण' असा शब्द घडवला आणि त्यावर मनातल्या मनात खूशही झालो. 'गॅस डिटेक्टर'चे 'वायुसंवेदक' केले. त्यातले एक वाक्य असे होते : 'जोडणीपूर्वी नळीचे नायट्रोजनद्वारे निर्वायुकरण करून घ्यावे.' दुसरे एक असे : 'तपासणीची नोंद त्याच पाळीत पूर्ण करावी.' विद्यार्थी मजकूर घेऊन गेला. आम्ही धन्यवादाच्या दूरध्वनीची वाट पाहू लागलो.

दूरध्वनी आला, पण त्यात थोडा संकोच होता. "सर, मराठी फार छान उतरलं आहे. पण एक अडचण झाली आहे. मी येऊनच सांगतो."

त्याने नऊ कामगारांना एकत्र बसवून तो मजकूर वाचायला दिला होता. प्रत्येकाच्या हातात दोन पेन्सिली दिल्या होत्या. जे दर वेळी केलेच पाहिजे त्याखाली तांबडी रेघ, जे केले तर बरे त्याखाली निळी. 'निर्वायुकरण' कोणालाच कळले नव्हते. ते त्याने तोंडी समजावले. त्यानंतरही नऊपैकी चौघांनी नळीच्या वाक्याखाली निळी रेघ ओढली होती. इंग्रजीत ते वाक्य निरपवाद होते. नळीत हवा राहिली आणि तीत हायड्रोजन शिरला, तर ते मिश्रण नळीच्या आतच पेटण्याच्या स्थितीत येते. म्हणून तिथे पर्यायच नाही. याउलट, पाळीतल्या नोंदीचे वाक्य मुळात शिफारस म्हणून लिहिलेले होते, आणि सहाजणांनी त्याखाली तांबडी रेघ ओढली होती, बहुधा नोंदवही साहेब तपासतात म्हणून.

"एकाला मी विचारलं, निळी रेघ का? 'करून घ्यावे' असं लिहिलं आहे ना? तर तो म्हणाला, लग्नपत्रिकेत पण 'अगत्य येण्याचे करावे' असतंच की साहेब. म्हणून काय आपण प्रत्येक लग्नाला जातो व्हय?"

आम्ही हसलो, पण तो विद्यार्थी गेल्यावर ते हसू टिकले नाही. आमच्या वाक्याची लग्नपत्रिका झाली होती. ज्या माणसाला वाचवण्यासाठी ते लिहिले, त्याला त्यात आर्जव ऐकू आले आणि आर्जवाला नम्रपणे नकार देता येतो, हे त्याला संस्काराने ठाऊक होते. वाचक चुकला असे म्हणण्याची सोय आम्हांला नव्हती. मराठीत त्याने जे वाचले ते तिथे होते.

व्याकरण उघडून पाहिले. विध्यर्थाबद्दल आम्ही स्वतःच वर्षानुवर्षे शिकवलेले होते, की या एका रूपातून कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा, तर्क असे अनेक अर्थ व्यक्त होतात. 'मुलांनी थोरांचे ऐकावे' यात कर्तव्य आहे, 'पाऊस पडावा' यात इच्छा आहे, 'तो घरी पोचला असावा' यात नुसता तर्क आहे. कवीला हे वरदान आहे. पण सुरक्षा संहितेच्या जगात याच अर्थांची काटेकोर वाटणी झालेली असते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या, म्हणजे आयएसओच्या, लेखननियमांत क्रियापदाच्या रूपांचे अर्थ ठरवून दिले आहेत. 'शॅल' म्हणजे आवश्यकता. ती पाळली नाही तर मानक पाळले असे म्हणता येत नाही. 'शुड' म्हणजे शिफारस. 'मे' म्हणजे परवानगी. 'कॅन' म्हणजे शक्यता. मानक लिहिणाऱ्या समितीत या शब्दांवरून बैठकीच्या बैठकी होतात, कारण 'शुड'चे 'शॅल' केले, की एखादी भिंत बांधावी लागते किंवा एखादे यंत्र बदलावे लागते. एका क्रियापदामागे इतका खर्च आणि इतकी जबाबदारी उभी असते. आम्ही या चारांपैकी तीन अर्थ एकाच 'वे'च्या पोत्यात भरून मोकळे झालो होतो.

मराठी राज्यकारभाराची भाषा यातून कशी वाट काढते ते पाहू लागलो. कायद्याच्या मराठीत 'शॅल'साठी पुष्कळदा भविष्यकाळ वापरतात : असेल, करील, देईल. विधिमंडळाला ते शोभते. पण 'कामगार नळी स्वच्छ करील' हे वाक्य पाळीवरच्या माणसाला हुकूम वाटणार नाही, भविष्य वाटेल. 'करणे बंधनकारक आहे' हे स्पष्ट आहे, पण ते नऊ पानांत साठ वेळा आले तर डोळा त्यावरून घसरू लागतो. 'केले पाहिजे' हे बरे. मात्र 'एकदा तुझ्याकडे आले पाहिजे' असेही आपण म्हणतो आणि जात नाही.

हे सारे शब्दच्छल आहे असे कोणाला वाटेल. आम्हांलाही कदाचित वाटले असते, पण आम्ही राहतो ती जागा तसे वाटू देत नाही. शिवडीच्या शेजारचे स्थानक कॉटन ग्रीन. कुलाब्याचा कापूस बाजार इकडे हलला म्हणून हे नाव पडले. तिथून दक्षिणेला बंदराच्या कडेने गेले, की व्हिक्टोरिया गोदीची जागा येते. १२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज तिथे आले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, आणि त्यांच्या सोबतीला कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कप्तानाला हा शेजार रुचला नव्हता असे सांगतात. कापूस आणि दारूगोळा एकत्र ठेवू नये, हे कळायला त्या काळीही कोणत्या ग्रंथाची गरज नव्हती. पण युद्ध चालू होते, जहाजे कमी होती, माल पोचवायचा होता. १४ तारखेला दुपारी कापसाने पेट घेतला आणि चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले. शेकडो माणसे गेली, हजारो बेघर झाली. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान परतले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आमच्या वडील पिढीचे लोक त्या दुपारबद्दल बोलताना अजून आवाज खाली आणत. नियम ठाऊक असणे आणि नियम निरपवाद असणे यांत काय अंतर आहे, ते आम्हांला त्या जहाजाइतके दुसऱ्या कशानेच दाखवलेले नाही. त्या जहाजावर सगळे 'शक्यतो' होते.

हायड्रोजनच्या बाबतीत हीच गोष्ट अलीकडे आणि फार लहान आकारात घडली आहे. १० जून २०१९ रोजी नॉर्वेमध्ये ऑस्लोजवळच्या सांडविका येथे वाहनांत हायड्रोजन भरण्याच्या केंद्रावर स्फोट झाला. चौकशीत निघाले ते असे, की उच्च दाबाच्या टाकीच्या एका बुचाचे आतले बोल्ट जुळणीच्या वेळी पुरेसे आवळलेले नव्हते. सुदैवाने कोणी दगावले नाही. जवळून जाणाऱ्या मोटारीतल्या सुरक्षा पिशव्या धक्क्याने फुगल्या आणि दोघांना किरकोळ इजा झाली. त्याआधी अठराच दिवस, २३ मे २०१९ रोजी, दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन मिसळत गेला आणि टाकी फुटली; तिथे दोन माणसे मेली. एका ठिकाणी बोल्ट, दुसऱ्या ठिकाणी नको तिथे गेलेला प्राणवायू. आमच्या नऊ पानांत या दोन्हींविषयी एकेक वाक्य होते आणि दोन्ही वाक्ये 'वे'कारान्त होती.

संहिता घडते ती अशी. भारतात ज्वालाग्राही आणि स्फोटक पदार्थांचा कारभार पाहणाऱ्या विभागाची स्थापना १८९८ सालची; पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना या आजच्या नावाने त्याचे मुख्यालय नागपुरात आहे. सिलिंडरचे नियम आणि दाबपात्रांचे नियम २०१६ साली नव्याने आले. भारतीय मानक ब्यूरोची हायड्रोजनविषयक सुरक्षा संहिता, आयएस १५२०१, २००२ सालची आहे. तेव्हा हायड्रोजन हा मुख्यतः कारखान्यातला वायू होता. पुढे तो रस्त्यावर येणार असे दिसू लागले. २०२० साली आयएसओने हायड्रोजन भरणा केंद्रांचे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी आपल्याकडे मोटार वाहन नियमांत इंधन घटावर चालणाऱ्या वाहनांच्या सुरक्षा तपासणीची तरतूद झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात देशी बनावटीच्या इंधन घटाची बस लोकांपुढे आली. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मान्यता दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाची क्षमता उभारणे हे त्याचे लक्ष्य आहे. कारखान्याच्या कुंपणाआड प्रशिक्षित हातांत असलेला वायू उद्या पंपावरच्या पोऱ्याच्या आणि बसच्या वाहकाच्या शेजारी येणार आहे. मानकांचा मसुदा निघतो, त्यावर हरकती मागवतात, दुरुस्त्या होतात, आयएसओमध्ये दर पाच वर्षांनी त्याचे पुनरावलोकन होते. पाठभेदांची आणि आवृत्त्यांची सवय असलेल्या आम्हांला हे ओळखीचे वाटले. फरक इतकाच, की इथे नव्या पाठाचे कारण बहुधा एखादा अपघात असतो आणि तो पाठात कोठेही लिहिलेला नसतो.

पण एवढ्या साऱ्या प्रवासात त्या वाक्याचा शेवटचा टप्पा, इंग्रजीतून पाळीवरच्या माणसापर्यंतचा, कोणाच्या हाती असतो? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची अट घातली होती. 'समजणाऱ्या' हा त्यातला खरा शब्द. आमचे पहिले भाषांतर मराठीत होते. समजणाऱ्या भाषेत होते असे आम्हांला म्हणता येणार नाही.

दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी आम्ही एक अट घातली : त्या कामगारांपैकी दोघे-तिघे सोबत असले पाहिजेत. विद्यार्थ्याने तशी व्यवस्था केली. एका शनिवारी शिवडीच्या आमच्या खोलीत आम्ही चौघेजण त्या नऊ पानांवर बसलो. सुरुवातीला ते संकोचले; मास्तरांची चूक मास्तरांच्या घरी बसून काढायची, म्हणजे अवघडच. चहा झाल्यावर मात्र त्यांच्यातला वयाने मोठा असलेला माणूस, तोच लग्नपत्रिकेवाला, म्हणाला, "सर, घरात कसं सांगतात? आई सांगते ना, चपला घालून देवघरात यायचं नाही. त्यात 'यावे-जावे' असतंय का?"

त्या क्षणी आम्हांला खिडकीच्या फळीवरची काडेपेटी आठवली. न्यायची नाही. मराठीत 'शॅल' नाही असे आम्ही चार दिवस मानत होतो, आणि तो आमच्या चाळीत साठ वर्षांपूर्वीपासून बोलला जात होता. प्रत्येक घरात तो आहे. विस्तवाशी खेळायचं नाही. विहिरीवर एकट्यानं जायचं नाही. या रूपात आज्ञार्थाचा तुसडेपणा नाही, विध्यर्थाची अजिजी नाही. बोलणाऱ्याच्या लहरीवर ते अवलंबून नसते, कारण तो नियम बोलणाऱ्यालाही लागू असतो. नकार काढून टाकला आणि 'च' जोडला, की होकारातही ते तितकेच पक्के राहते.

आमच्या मनाने थोडा विरोध केला, हे लपवण्यात अर्थ नाही. ही बोलीतली ढब आहे, लिखित औपचारिक मजकुरात ती शोभेल का, असा प्रश्न आमच्यातल्या परीक्षकाने विचारला. त्याला उत्तर त्या वहीनेच दिले. आम्ही लिहिले : 'पर्जिंग केल्याशिवाय नळी जोडायची नाही.' तिघांपुढे तांबडी आणि निळी पेन्सिल ठेवली. तिघांनी तांबडी उचलली.

मग एक वेगळाच पेच उभा राहिला. मजकूर पाहून विद्यार्थ्याच्या वरिष्ठांनी सुचवले, की सगळीच वाक्ये अशी 'नाही'ची आणि 'च'ची करून टाका, म्हणजे प्रश्नच मिटला. वरवर पाहता यात सुरक्षितताच अधिक. पण आम्हांला ते पटले नाही, आणि पटले नाही याचे श्रेय कामगारांना. सगळेच तांबडे असले तर काय कराल, असे विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की मग आम्ही आमच्या मनाने ठरवू, की यातले खरे कोणते. म्हणजे लेखकाने जो विवेक करायला हवा तो वाचकावर ढकलला जातो, आणि इथे वाचकाच्या हातात दाबाखालची नळी असते. शिफारशीला शिफारस राहू देणे हेही आवश्यकतेचा मान राखणेच आहे. शेवटी असे ठरले : आवश्यकता 'करायचेच' किंवा 'करायचे नाही' अशा रूपात, शिफारस 'केलेले बरे' अशी, परवानगी 'केले तरी चालेल' अशी. संपूर्ण मजकुरात 'वे' कोठेही येणार नाही. प्रत्येक आवश्यकतेखाली एका ओळीत कारण द्यायचे, ही मात्र त्या तिघांची मागणी. मूळ मजकुरात कारणे नव्हती. 'नळीत हवा राहिली तर हायड्रोजन नळीतच पेटतो,' एवढे लिहिले, की माणूस ते वाक्य पाठ न करताही लक्षात ठेवतो. नऊ पानांची बारा पाने झाली. 'निर्वायुकरण' गेले, 'पर्जिंग' राहिले. 'वायुसंवेदक' गेले, 'डिटेक्टर' राहिले. 'संहिता' हा शब्द मुखपृष्ठावर राहू द्या, असे विद्यार्थी म्हणाला, आपल्या गुरूचे काहीतरी शिल्लक असावे म्हणून.

ही घटना आता वर्षभरापूर्वीची झाली. पूर्वेच्या खाडीकडे फिरायला जाताना वाटेत तेलाच्या टाक्या आणि टँकरच्या रांगा लागतात. पलीकडे अटल सेतू, त्यापलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, जिथे हायड्रोजन रोजच्या कामाचा आहे. टँकरच्या पाठीवर रंगवलेले इशारे पूर्वी आम्ही पाहत असू, आता वाचतो. काही ठिकाणी 'धूम्रपान करू नये' असे आढळते आणि आम्हांला लग्नपत्रिका आठवते. एका टँकरखाली सावलीला बसून डबा खाणाऱ्या चालकाला आम्ही परवा विचारले, की तुमच्या गाडीवर मागे काय लिहिले आहे? तो वळून न पाहताच म्हणाला, "पेटवायचं नाही, काका." गाडीवर लिहिलेले वाक्य निराळे होते. आम्ही ते त्याला सांगितले नाही.